कोकणात जुना ट्रक घेताय? युरियावाला की बिनयुरियाचा?

२०१७ ते २०२० मधला, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-४ नियमांचा ट्रक बघायला गेलात की पहिला प्रश्न हाच येतो: धूर साफ करायला युरियाचं पाणी लागणारी गाडी घ्यायची की न लागणारी? बिनयुरियाच्या गाडीकडे आपल्या लोकांचा ओढा जास्त, कारण कटकट कमी. मी मात्र आधी विचारीन, गाडी चालणार कुठे आणि भरणार काय?

इंजिनातला जाळ जितका कडक, तितकं डिझेल नीट जळतं आणि ॲव्हरेज मिळतं. पण त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नॉक्स हा विषारी वायू तयार होतो. बिनयुरियाच्या गाडीतला ईजीआर थोडा धूर थंड करून परत सिलिंडरमध्ये सोडतो. जाळ निवतो, नॉक्स घटतो, पण काजळी वाढते. युरियावाल्या गाडीतला एससीआर जाळाला हात लावत नाही. तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरात युरियाच्या पाण्याचा फवारा मारतो. त्यातून अमोनिया सुटतो आणि नॉक्सचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. बीएस-४ ला अशोक लेलँडने ईजीआरची वाट धरली, टाटांनी दोन्ही ठेवल्या.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी किंवा हंगामात आंबा घेऊन कोल्हापूर, वाशी करणार असाल तर एससीआरच घ्या. भरलेली गाडी आंबा घाट चढते तेव्हा ईजीआरचा कूलर धुराची उष्णता रेडिएटरच्याच पाण्यात ओततो, म्हणजे इंजिन आधीच तापलेलं असताना रेडिएटरवर आणखी बोजा. एससीआरला घाट मानवतो. धूर तापलेला असला की फवाऱ्याचं काम पूर्ण होतं. शंभर लिटर डिझेलमागे चार-पाच लिटर युरिया लागतो, पण लांबच्या फेऱ्यांत त्यातला बराचसा खर्च ॲव्हरेज भरून काढतं.

चिऱ्याच्या खाणीवरून पाच-सात किलोमीटरवरच्या बांधकामावर खेपा टाकायच्या असतील तर माझं मत उलट आहे. गाडी निम्मा वेळ भरायला उभी, इंजिन चालूच. धूर दोनशे अंशांच्या खाली राहिला की युरिया नीट फुटत नाही, आणि नोझलच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात. तिथे ईजीआर बरा. व्हॉल्व्ह वेळच्या वेळी साफ करा आणि ऑइल लवकर बदला, कारण काजळी ऑइलमध्ये उतरते.

युरियाची काळजी मात्र घ्यावीच लागते. कॅन पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात ठेवू नका. तीस अंशांच्या वर तो लवकर खराब होतो. शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि त्यातली अशुद्धता कॅटॅलिस्टची, म्हणजे एससीआरमधल्या नॉक्स मोडणाऱ्या भागाची वाट लावते. मासळीच्या गाडीत आणखी एक गोष्ट बघा: क्रेटमधून गळणारं खारं पाणी चेसिसवरून सेन्सरच्या वायरिंगवर येतं. कनेक्टर हिरवे पडलेले दिसले तर पुढचा खर्च धरूनच भाव बोला.

काही ठिकाणी ‘युरिया बंद करून देतो’ म्हणतात. अजिबात करू नका. ते बेकायदेशीर आहे, आणि एससीआरचं इंजिन मुळातच जास्त नॉक्स सोडणारं असतं, ते सगळं थेट हवेत जातं. महामार्गालगतच्या आपल्याच गावांतली माणसं तीच हवा घेतात.

नव्या बीएस-६ गाडीत ही निवड फारशी उरत नाही. १ एप्रिल २०२० पासून नॉक्सची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४ वर आली. मोठ्या ट्रकला तिथे एससीआरशिवाय गत्यंतर नाही. अमेरिकेत नॅव्हिस्टार या ट्रक कंपनीने २०१० च्या नियमांसाठी नुसत्या ईजीआरवर भिस्त ठेवली होती, त्यांनाही २०१२ मध्ये एससीआरकडे वळावं लागलं. बीएस-६ मध्ये काजळीचा फिल्टरही येतो. तो स्वच्छ व्हायला गाडी मधूनमधून सलग, भारावर पळावी लागते, म्हणून खाणीच्या खेपांना ती अडचणीचीच. घ्यायचीच असेल तर फिल्टरमधली काजळी जाळायची पद्धत ड्रायव्हरला आधी शिकवून घ्या.

जुनी बघायला जाल तेव्हा मेकॅनिकला बरोबर न्या. ईजीआरच्या गाडीत बाहेर गळती नसताना कूलंट कमी होतं का ते विचारा. होत असेल तर कूलर आतून फुटलेला असू शकतो. एससीआरच्या गाडीत चावी फिरवल्यावर इशाऱ्याचा दिवा लागून विझतो का ते बघा. लागतच नसेल तर कोणीतरी तो मारून ठेवलाय, ती गाडी सोडा.