साडेअठराशेचे रॉकेट आणि दहा रुपयांची रिंग

मुलांसाठी नोव्हेंबरात मागवलेला पाण्याच्या रॉकेटचा (थोडे पाणी भरलेली बाटली पंपाच्या हवेने उडवण्याचा) संच एप्रिलमध्ये गळू लागला, तेव्हा साडेअठराशे रुपये अक्षरशः पाण्यात गेले, अशी माझी खात्री झाली. सायकलच्या पंपाचा काटा तीस पौंड दाबापुढे सरकत नव्हता आणि बाटलीच्या तोंडातून झिरपणारे पाणी सड्यावरील, म्हणजे कातळाच्या माळावरील, तांबड्या मातीत मिसळून आमच्या चपलांना चिकटत होते. लाँचर म्हणजे रॉकेट सोडायचा स्टँड; त्याच्या ज्या नळीवर बाटली उलटी बसते, तिच्यावरील रबरी रिंगेचाच दोष, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकले.

विक्रेत्याला चित्रफीत पाठवली. चार दिवसांनी उत्तर आले की रिंग सुटी मिळत नाही, पूर्ण लाँचर घ्यावा लागेल, त्याचे नऊशे रुपये आणि गोव्यापर्यंतचा कुरिअरखर्च निराळा. ज्या रॉकेटचे मुख्य अंग कचऱ्यात जाणारी बाटली आहे, ते धरून ठेवणाऱ्या चार केबल टायचे (वायरी बांधायच्या प्लॅस्टिकपट्ट्यांचे) नऊशे मागायलाही धाडस लागते! म्हापशाच्या बाजारात पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने त्याच मापाची रिंग दहा रुपयांना दिली. मी तीन घेतल्या, तिन्ही लावून पाहिल्या, गळती तशीच.

इथवरचा मजकूर मी रागाच्या भरात लिहून ठेवला होता, तो आता अर्धा मागे घ्यावा लागतो. संचातील मूळ बाटलीवर पांढुरक्या रेषा उमटल्यामुळे मी ती एप्रिलमध्ये बाद केली होती. थोरल्या मुलीने ती आणि तिच्या जागी आणलेली शीतपेयाची बाटली शेजारी ठेवून पट्टीने मोजली, तर नवीन बाटलीची मान सुमारे 4 मिलिमीटर आखूड निघाली. प्लॅस्टिक वाचवण्यासाठी हल्ली कंपन्यांनी मान व झाकण दोन्ही आखूड केले आहे. केबल टाय मानेवरचे कडे पकडतात. त्यामुळे मान आखूड झाली की तोंड तेवढेच वर राहते आणि रिंग आत शिरण्याऐवजी काठावरच अडते. टाय आवळून धरणारा क्लॅम्प स्क्रू-ड्रायव्हरने सैल करून टाय 4 मिलिमीटर खाली सरकवले आणि काटा बिनतक्रार साठ पौंडांवर गेला. रिंग निर्दोष होती. माहितीपत्रकात मात्र याबद्दल अक्षर नाही, म्हणून विक्रेत्यावरील उरलेला अर्धा राग कायम आहे.

उड्डाणांबाबत तक्रार नाही. संचातले पुठ्ठ्याचे पंख पहाटेच्या दवाने लोळागोळा झाले. घरात उरलेल्या सनपॅकचे (फलकांसाठी वापरतात त्या पोकळ प्लॅस्टिक शीटचे) कापून लावले, ते टिकले. बाटली काठोकाठ भरली तर रॉकेट अधिक उंच जाईल, असा धाकट्याचा हट्ट होता. एकदा भरू दिली. जोर दाबलेल्या हवेचा असतो आणि तिलाच जागा उरली नाही, त्यामुळे ते स्वारीसमोरच धपकन आडवे झाले. तेव्हापासून एक तृतीयांश पाणी यावर घरात एकमत आहे. उंची मोजण्यासाठी मुलीने कोनमापकाला दोऱ्याने नट बांधला आहे: 45 अंशांवर उड्डाणाचे टोक दिसले की रॉकेटची उंची म्हणजे लाँचरपासूनचे आपले अंतर अधिक डोळ्यांपर्यंतची उंची. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्डचे पहिले द्रवइंधन रॉकेट 16 मार्च 1926 रोजी 41 फूटच चढले होते, हे तिला ठाऊक असल्याने 27 मीटरची नोंद झाल्यापासून तिचा रुबाब पाहण्यासारखा आहे.

विक्रेत्याला आमची मापे कळवली. उत्तरादाखल नवीन लाँचरवर दहा टक्के सवलत मिळाली. म्हापशाचा दुकानदार रिंगा परत घेत नाही.