एक्सोम टेस्ट: नागपुरातून नमुना पाठवण्याआधी

लेकरू तीन वर्षांचं होऊनही बोलत नाही, झटके येतात, ऑटिझमची लक्षणं दिसतात किंवा बौद्धिक वाढ मागे आहे, की धंतोली-रामदासपेठेत आता एक्सोम टेस्टचा सल्ला मिळतो. रक्त इथं घेतात, तपासणी दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये होते आणि साधारण ४ ते ६ आठवड्यांत रिपोर्ट येतो. टेस्टला आम्ही पाचपैकी चार गुण देऊ. ज्या घाईनं ती करवली जाते, त्या सेवेला अडीच.

माणसाच्या सुमारे २०,००० जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग म्हणजे एक्सोम. तो संपूर्ण डीएनएच्या जेमतेम १ ते २ टक्के असतो, पण रोगाला कारण ठरणारे माहीत असलेले बहुतेक बदल तिथंच सापडतात. मेंदूच्या वाढीच्या विकारांत एक्सोम कितपत उपयोगी पडतं, यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये घेतला गेला. त्यात साधारण ३६ टक्के मुलांचं निदान झालं होतं. वाढीच्या विकारासोबत इतर अवयवांचेही दोष असतील तर ५३ टक्के, नसतील तर ३१. क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे या जुन्या टेस्टमध्ये (ती गुणसूत्रांचे कमी-जास्त झालेले तुकडे शोधते) हेच प्रमाण १५ ते २० टक्के असतं. म्हणजे एक्सोम केलेल्या दर तीनांपैकी जवळजवळ दोन घरांत रिपोर्ट निगेटिव्ह येणार. हे रक्त काढण्याआधी सांगायचं असतं, कारण निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की ‘म्हणजे दोष जनुकात नाहीच’ असं आई-बाप धरून चालतात. ते खरं नाही.

निदान झालं तर उपचार बदलू शकतो. एससीएन१ए जनुकातल्या बदलामुळे होणाऱ्या ड्राव्हे सिंड्रोम या तीव्र अपस्मारात कार्बामाझेपिनसारखी झटक्यांची नेहमीची औषधं उलट झटके वाढवतात. मेंदूला साखर पोचवणाऱ्या ग्लूट-१ या प्रथिनाची कमतरता निघाली तर किटोजेनिक, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय आहार, हाच मुख्य उपचार.

सगळ्यात जास्त बिघडतं ते नमुन्यासोबतच्या फॉर्मवर. लॅबला एकेका मुलात हजारो बदल दिसतात. त्यातला कोणता महत्त्वाचा, हे ती लक्षणांवरून ठरवते. फॉर्मवर ‘डेव्हलपमेंटल डिले’ एवढंच लिहून पाठवलं तर लॅब अंधारात चाचपडते. डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये, मान कधी धरली, बसलं कधी, आलेली कौशल्यं गेली का, झटक्यांचा प्रकार, एमआरआयचा निष्कर्ष, त्वचेवर पांढरे डाग, मामे-आते नात्यातलं लग्न, घरात दगावलेली बाळं, हे सगळं लिहून द्या. फॉर्म डॉक्टरांनी भरावा, रक्त घेणाऱ्या मुलानं नव्हे.

दुसरा मुद्दा ट्रायोचा. मुलासोबत आई-वडिलांचेही नमुने गेले, तर बदल नव्यानं उद्भवला की घरातून आला हे लगेच कळतं. ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेत नव्यानं उद्भवलेले बदल फार महत्त्वाचे. एकट्या मुलाची टेस्ट स्वस्त पडते, पण संशयित बदल निघाला की आई-वडिलांचं रक्त पुन्हा मागवतात. दर विचारतानाच विचारा: किंमत एकट्याची की तिघांची, डीएनएच्या गळालेल्या आणि दुप्पट झालेल्या तुकड्यांचं म्हणजे सीएनव्हीचं विश्लेषण त्यात आहे का?

नमुना जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, दोन-तीन मिलिलिटर. गोठवायचा नाही. मे महिन्यात कुरिअरच्या डब्यात थंड जेलपॅक हवाच, पण ट्यूब त्याला थेट चिकटलेली नको. विदर्भात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यात रक्त चढवावं लागू शकतं. लेकराला अलीकडे रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, कारण दात्याच्या पेशींचा डीएनए मिसळू शकतो. किती आठवडे थांबायचं ते लॅब सांगते.

एक्सोममधून निसटणाऱ्या गोष्टींत पहिली फ्रॅजाइल एक्स, म्हणजे बौद्धिक अक्षमतेचा एक आनुवंशिक आजार. एफएमआर१ जनुकातला सीजीजी हा तुकडा २०० पेक्षा जास्त वेळा आला की हा आजार होतो. त्यासाठी वेगळी टेस्ट लागते आणि मुलगा असो वा मुलगी, ती आवर्जून करावी. अँजेलमन आणि प्राडर-विली या वाढीच्या दोन जनुकीय आजारांना मिथायलेशनची, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या रासायनिक खुणांची तपासणी लागते.

‘अनिश्चित अर्थाचा बदल’ हा शेरा भारतीय रिपोर्टांत फार दिसतो. जगातल्या संदर्भ-साठ्यांत आपल्या लोकांचे नमुने कमी आहेत, म्हणून इथला साधा बदलही अनोळखी वाटतो. भारतीयांचा डीएनए वाचणाऱ्या जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पातली सुमारे १०,००० जणांची माहिती २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, त्यानं हे हळूहळू सुधारेल. तोवर अशा शेऱ्यावर कोणी उपचार सुरू केले किंवा पुढच्या गरोदरपणाचा निर्णय घ्यायला सांगितलं, तर नकार द्या.

आणि जनुकांच्या आधी स्वस्त तपासण्या. आमचा खरा आग्रह इथंच आहे. भारतातल्या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास दर आठातल्या एका मुलाला मेंदूच्या वाढीचा किमान एक विकार होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे घरी झालेलं बाळंतपण, जन्मल्यावर उशिरा रडणं, कमी वजन, मेंदूचा संसर्ग, खुंटलेली वाढ. यातलं काहीच एक्सोममध्ये उमटत नाही. म्हणून जन्माचं डिस्चार्ज कार्ड आधी शोधा. श्रवणासाठी बेरा ही टेस्ट, थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, माती-रंग खाणाऱ्या किंवा सुरमा लावलेल्या मुलाचं रक्तातलं शिसं, हे करून घ्या. शाकाहारी आईच्या केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाची शिकलेली कौशल्यं गेली, केस विरळ झाले, त्वचा काळवंडली, तर आधी बी१२ तपासा. हे इंजेक्शननं सुधारतं, आणि उशीर केला तर नुकसान राहून जातं.

केसांतून ‘जड धातू’ शोधणाऱ्या चाचण्या आणि त्यावरून शरीरातले धातू काढण्याचे उपचार घेऊ नका. ते जिवावर बेतू शकतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जनुकीय रिपोर्ट लागत नाही, त्यासाठी कर्ज काढू नका.

रिपोर्ट आला की जनुकतज्ज्ञाशी समुपदेशनाची वेळ घ्या. पक्कं कारण निघालं असेल आणि पुढचं बाळ हवं असेल, तर गरोदरपणी तपासणी ११ ते १३ आठवड्यांत गर्भवारेच्या पेशींतून किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजलातून होते. म्हणून ही भेट दिवस राहण्याआधी हवी. निगेटिव्ह रिपोर्टवाल्यांनी लॅबकडून कच्चा डेटा मागून ठेवावा आणि एक-दोन वर्षांनी त्याचंच पुन्हा विश्लेषण करून घ्यावं. नवी जनुकं दरवर्षी यादीत येतात आणि त्याच डेटातून उशिरा निदान झालेली मुलं कमी नाहीत.