३०३ च्या नावाखाली मिळालेले २०२ चे बार

कुपवाड एमआयडीसीत माझे टर्निंगचे, म्हणजे लेथवर धातू कापून भाग बनवण्याचे, छोटे युनिट आहे. गेल्या वर्षी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका ग्राहकाकडून स्पिंडल आणि नटांचे काम मिळाले. ड्रॉइंगवर ३०३ ग्रेडचे स्टेनलेस स्टील असे स्पष्ट लिहिले होते. नेहमीच्या व्यापाऱ्याकडे माल शिल्लक नसल्यामुळे ओळखीतून कळलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडून मी २५ मिलिमीटर व्यासाचे ३०० किलो गोल बार घेतले. दर बाजारापेक्षा थोडाच कमी होता आणि सोबत टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स होती. शिवाय व्यापाऱ्याने माझ्यासमोर बारला लोहचुंबक लावून दाखवला. तो चिकटला नाही आणि मी निर्धास्त झालो.

हीच माझी पहिली चूक. ३०३, ३०४ आणि २०२ हे स्टेनलेसचे तिन्ही ग्रेड ऑस्टेनिटिक, म्हणजे मुळात चुंबकाला दाद न देणाऱ्या रचनेचे आहेत आणि नरम अवस्थेत यांपैकी एकालाही चुंबक चिकटत नाही. थंड ओढलेला बार असेल तर अस्सल मालालाही किंचित ओढ जाणवते. तेव्हा चुंबकाने या तिघांमधला फरक कळत नाही.

फरक आहे तो गंधकाचा. ३०४ मध्ये गंधक जास्तीत जास्त ०.०३ टक्के चालते, तर ३०३ मध्ये ते मुद्दाम किमान ०.१५ टक्के ठेवलेले असते. हे गंधक मँगनीजशी संयोग पावून मँगनीज सल्फाइडचे बारीक कण तयार करते. या कणांमुळे बुर, म्हणजे कापताना निघणारी धातूची चीर, तुकड्या-तुकड्याने तुटतो आणि टूलच्या धारेवरचे घर्षण कमी होते. म्हणूनच शाफ्ट, नट, बुश, फिटिंग अशा भरपूर मशिनिंग असलेल्या कामांना हा ग्रेड निवडतात. त्याची किंमतही मोजावी लागते: गंज रोखण्याची ताकद ३०४ पेक्षा कमी राहते आणि वेल्डिंग केल्यास जोड तडकण्याचा धोका असतो.

आमच्या मशीनवर मात्र पहिल्या दिवसापासून लांबच लांब, चिवट बुर निघून जॉबभोवती गुंडाळत होता. ड्रिल तुटत होते, इन्सर्ट (टूलच्या टोकावरची बदलता येणारी पाती) अर्ध्या पाळीत बोथट होत होते आणि टॅपिंग करताना आटे फाटत होते. मी दोष ऑपरेटरला दिला, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) बदलायला लावला, कूलंट बदलले. बारवर शंका घ्यायला मला चार दिवस लागले. त्या मुलाला विनाकारण बोललो, याचे वाईट आजही वाटते.

शेवटी एक तुकडा कापून स्पेक्ट्रो टेस्टला, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या तपासणीला दिला. निकेल ४.२ टक्के, मँगनीज ८.१ टक्के आणि गंधक ०.०२ टक्के निघाले. ३०३ मध्ये निकेल ८ ते १० टक्के लागते आणि मँगनीज २ टक्क्यांच्या आत. हाती आला होता तो सरळसरळ २०२, निकेल वाचवून मँगनीजवर बनवलेला स्वस्त ग्रेड. मग सर्टिफिकेट काढून पाहिले, तर त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलाद वितळवलेल्या घाणीचा क्रमांक, एकाही बारवर नव्हता.

व्यापाऱ्याला फोन केला, तेव्हा त्याने शांतपणे बिल वाचायला सांगितले. बिलावर फक्त ‘एसएस राउंड बार’ एवढेच होते, ग्रेड कुठेच नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत. तयार झालेला सगळा माल ग्राहकाला खरी परिस्थिती सांगून मी स्वतःच बाद केला आणि दुसऱ्या मटेरियलवर काम पुन्हा करून दिले.

आता ऑर्डर, चलन आणि बिल या तिन्हींवर ग्रेड व हीट नंबर लिहिलेला नसेल, तर गाडी उतरवून घेत नाही. सर्टिफिकेटवरचा नंबर बारच्या टोकावरच्या शिक्क्याशी स्वतः जुळवतो आणि प्रत्येक लॉटमधला एक तुकडा मशीन सुरू करण्याआधी लॅबला पाठवतो. त्या टेस्टचा खर्च तुटलेल्या ड्रिलांच्या तुलनेत किरकोळ आहे.

उरलेले बार पूर्ण लांबीवर लाल रंग मारून शेडच्या एका कोपऱ्यात वेगळे ठेवले आहेत, कारण ते इतर मालात मिसळले तर नुसत्या डोळ्यांनी ते पुन्हा कोणालाच ओळखता येणार नाहीत.