धबधब्याकडे जायचं कसं: ओढ्याच्या पात्रातून की काठावरच्या पायवाटेने?

जंगलात आत दडलेल्या धबधब्याकडे जायला बहुतेक वेळा दोन रस्ते असतात. एक, सरळ ओढ्याच्या पात्रात उतरायचं आणि दगडावरून दगडावर, मध्येच गुडघाभर पाण्यातून, वर चढत जायचं. दुसरा, डोंगराच्या पोटाने गेलेली पायवाट धरायची आणि अगदी शेवटी धबधब्यापाशी खाली उतरायचं. मी दोन्ही रस्त्यांनी पुष्कळ हिंडलो आहे. मला पात्राचा रस्ता जास्त आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे बऱ्याच ठिकाणी मी पायवाटेची बाजू घेणार आहे.

पात्रातून जाताना धबधबा हळूहळू जवळ येतो. आधी नुसती घरघर ऐकू येते, एक वळण घेतलं की ती नाहीशी होते, पुढच्या वळणाला दुप्पट होऊन परत येते. खडकात गोट्यांनी घुसळून कोरलेले रांजणखळगे लागतात, डोह लागतात. धार दिसायच्या आधीच गार, ओलसर वारा तोंडावर येतो. पायवाटेवरून यातलं फारसं काही मिळत नाही. तिथून धबधबा झाडांच्या फटीतून एकदम दिसतो, तोही वरून, त्यामुळे त्याची उंची निम्मी वाटते. नुसत्या आनंदाचा हिशेब केला तर पात्र जिंकतं आणि निवड इथेच संपते.

पण वेळ बघा. डोंगरात चालण्याचा एक जुना हिशेब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला: साधारण ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ३०० मीटर चढाला वर अर्धा तास. बऱ्या पायवाटेवर हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. पात्रात तो साफ कोसळतो. माझा स्वतःचा वेग मोठ्या दगडधोंड्यांत तासाला जेमतेम एक किलोमीटर पडतो, आणि शेवाळ असेल तर त्याहून कमी. म्हणजे नकाशावर तीन किलोमीटर दिसणारा धबधबा पायवाटेने सकाळचं काम असतो आणि पात्रातून जाऊन येऊन अख्ख्या दिवसाचं.

आणि पाण्याचा जोर. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यातच पाणी कमरेपर्यंत आलं की शरीर हलकं होतं, पायांवर वजन कमी पडतं आणि पकड सुटते. गुडघ्याच्या वर वेगाने धावणारं पाणी मी ओलांडत नाही. काटकी पाण्यात टाकून बघायची; ती आपल्या चालीपेक्षा जोरात गेली तर मागे फिरायचं. ओलांडायचंच असेल तर तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडलेला. पाय घसरला तर पिशवी झटकन टाकता आली पाहिजे. पायवाटेलाही ओढा एखाद-दोनदा ओलांडावा लागतो, पण तिथे लोकांनी शोधलेला उथळ, पसरट उतार असतो. पात्रातून गेलात तर असे निर्णय दिवसभरात वीस-पंचवीस वेळा घ्यावे लागतात, शेवटचे काही तर पाय पुरते थकल्यावर.

लोंढ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते निवड इथेच ठरते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेत ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅन्यन या अरुंद घळीत अचानक आलेल्या पाण्याने ११ पर्यटकांचा जीव घेतला. पाऊस पडला होता तो घळीपासून कितीतरी किलोमीटर लांब, वरच्या अंगाला. त्यामुळे डोक्यावरचं आभाळ बघून पात्रात उतरायचा निर्णय घेता येत नाही, ओढ्याला जिथून पाणी येतं त्या सगळ्या डोंगराचा अंदाज बघावा लागतो. जंगल हे पाणी काही काळ धरून ठेवतं, उघड्या खडकासारखं ते लगेच धावत येत नाही. पण जमीन आधीच भिजून तुडुंब असेल तर जंगलही फार वेळ देत नाही. खुणा ठरलेल्या आहेत: निवळशंख पाणी गढूळ होणं, पानं आणि काटक्या वाहून येऊ लागणं, आवाज जड होणं, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसणं. यातलं एक जरी दिसलं तरी सरळ वर, काठावर. अशा वेळी दोन्ही बाजूंना उभे कडे असतील तर वर जायला जागाच नसते. म्हणून जायच्या आधी नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघा. पात्राच्या दोन्ही अंगांना त्या एकमेकींना चिकटून बराच वेळ धावत असतील, तर तो भाग पायवाटेनेच टाळा. एक खाचखळगा इथेही आहे: लागोपाठच्या दोन रेषांच्या उंचीत २० मीटरचा फरक असेल तर १५ मीटरचा उभा टप्पा नकाशात दिसेलच असं नाही.

वाट चुकण्याच्या बाबतीत मात्र पात्राची एक गंमत आहे. वर जाताना प्रत्येक संगमाला डावीकडे की उजवीकडे, हे ठरवावं लागतं. उतरताना सगळ्या शाखा आपोआप एकाच ओढ्यात येतात. डोंगरधारेचं बरोब्बर उलटं, चढताना डोंगरधारा एकत्र होतात आणि उतरताना फाटे फुटतात. त्यामुळे पात्रातून आल्या मार्गाने परतताना चुकायला वाव कमी. पायवाटेवर धोका असतो तो धबधब्याकडे उतरणाऱ्या फाट्याचा. तो हमखास झाडोऱ्यात लपलेला असतो, आणि चुकला की माणूस आवाजाच्या मागे जाऊन भलत्याच घसाऱ्यावर पोचतो, नाहीतर थेट धबधब्याच्या माथ्यावर. माथ्यावरचा ओला, गुळगुळीत खडक ही या सगळ्या सफरीतली सर्वांत वाईट जागा. तिथे काठाशी जाऊन खाली डोकावू नका. अनोळखी ओढा धरून खाली उतरायला लागणं हेही तेवढंच घातक, कारण पुढचा कडा वरून दिसत नाही.

शेवटचा टप्पा दोन्ही वाटांना सारखाच. धारेखाली उभं राहायचा मोह होतो, पण पाण्याबरोबर दगडही येतात. शिवाय पडत्या पाण्यात हवा मिसळून ते फेसाळतं आणि त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही.

बुटांचं थोडक्यात: पात्रासाठी पाणी आत येऊन लगेच बाहेर जाईल असे जाळीचे, बोटं झाकणारे बूट. पाणी न शिरणारे बूट एकदा भरले की दिवसभर भरलेलेच राहतात. पायवाटेसाठी नेहमीचे. एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाण्याआधी बूट घासून धुऊन वाळवा. न्यूझीलंडने २००८ मध्ये मासेमारीसाठी नमद्याच्या, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या जाड दाबीव कापडाच्या, तळव्याचे बूट बंद केले ते एका उपद्रवी शेवाळाचा प्रसार थांबवण्यासाठीच. पात्रात चालतानाही दगड उलथू नका, त्याखाली किड्यांची आणि बेडकांची पुढची पिढी वाढत असते.

आता निवड. पहिल्यांदाच जात असाल, बरोबर लहान मुलं असतील, उशिरा निघाला असाल किंवा गेल्या दोन दिवसांत वर पाऊस झाला असेल, तर पायवाट. एकटे असाल तरीही पायवाट, कारण पात्रात घोटा मुरगळला तर पाण्याच्या आवाजात तुमची हाक पन्नास पावलांवरही पोचत नाही. शिटी जवळ ठेवाच. तीन-चार जण, पाणी स्वच्छ आणि स्थिर, पहाटेची सुरुवात आणि मागे फिरायची तयारी, एवढं सगळं जुळलं तर पात्र.

मी स्वतः नव्या ओढ्याला दोनदा जातो. पहिल्या खेपेला जाताना-येताना पायवाटच. तो लपलेला फाटा शोधतो, खालून तो कसा दिसतो हे मागे वळून नीट बघून ठेवतो, कुठे कुठे काठावर चढता येईल तेही बघतो. दुसऱ्या खेपेला सकाळच्या ताज्या पायांनी पात्रातून वर आणि दुपारी पायवाटेने खाली. ओल्या खडकावर चढण्यापेक्षा उतरणं अवघड, आणि ते उतरणं यात वाचतं. दुसऱ्या खेपेला पाणी गढूळ दिसलं तर त्या दिवशीही पायवाटच.