एफडी करायला गेले आणि पॉलिसी घेऊन आले: मामांच्या तीन लाखांची हकिकत

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर आलेल्या फंड-ग्रॅच्युइटीतले काही पैसे त्यांनी बँकेत मुदत ठेवीत ठेवले होते. 2023 च्या जूनमध्ये त्यातली 3 लाखांची ठेव पिकली, म्हणून पुन्हा ठेवायला मामा शाखेत गेले. परत आले ते आयुर्विम्याची पॉलिसी घेऊन. पण आपण पॉलिसी घेतलीय हे त्यांना पुढचं वर्षभर कळलं नाही.

बँकेचं नाव लिहीत नाही. ही तऱ्हा एकाच बँकेची असती तर बरं झालं असतं.

मी एका सीएच्या ऑफिसात हिशेब लिहिते, त्यामुळे नंतर सगळे कागद माझ्याच पुढ्यात आले. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने मामांना सांगितलेल्या दोन गोष्टी तर चक्क खऱ्या होत्या. पहिली, बँक बुडाली तर ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण असतं. बरोबर आहे. डीआयसीजीसी ही रिझर्व्ह बँकेची उपकंपनी ते देते, एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून. 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत तर ते 1 लाखच होतं. 2019 मध्ये अडचणीत आलेल्या पीएमसी बँकेबाहेरच्या रांगा मामांनी टीव्हीवर पाहिलेल्या, त्यामुळे ते घाबरले. पण मामांच्या बँकेत त्यांच्या सगळ्या ठेवी मिळून 5 लाखसुद्धा भरत नव्हत्या! (पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण मुळीच नसतं. आमच्या भागात ही गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहिते.)

दुसरी, एफडीच्या व्याजावर टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. हेही खरं. मात्र ज्येष्ठ नागरिकाचं एका बँकेतलं वर्षाचं व्याज तेव्हा 50 हजारांच्या आत असेल तर टीडीएस कापत नसत. एप्रिल 2025 पासून ती मर्यादा 1 लाख झाली. मामांचं व्याज त्याच्या जवळपासही नव्हतं. म्हणजे जी दोन दुखणी त्यांना नव्हतीच, त्यांवर औषध म्हणून ही पॉलिसी गळ्यात मारली.

मग साहेबांनी एका चिठ्ठीवर पेनाने लिहून दिलं: "3 लाख, 5 वर्षे, 9%, गॅरंटी." फॉर्मवर खुणा केलेल्या जागी सह्या झाल्या. "काका, कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर जादा व्याज अडकेल," असंही बजावलं. फोन आला, मामा हो म्हणाले. त्या कॉलचं रेकॉर्डिंग होतं आणि वाद झाला की कंपनी पहिल्यांदा तेच पुढे करते.

2024 च्या जूनमध्ये मोबाइलवर मेसेज आला, तुमचा 3 लाखांचा हप्ता देय आहे. मामांना वाटलं मेसेज चुकून आला. मी कपाटातलं पाकीट काढून वाचलं आणि हातपाय गार पडले.

ठेव एकदा ठेवायची असते. या कागदात 3 लाख हा वार्षिक प्रीमियम होता. त्याखाली दोन मुदती होत्या: हप्ते भरायची मुदत 10 वर्षं, पॉलिसीची मुदत 15 वर्षं. चिठ्ठीवरची 5 वर्षं कागदात कुठेच नव्हती. मामांची ईपीएसची (प्रॉव्हिडंट फंडाकडची) पेन्शन महिन्याला 3 हजारांच्या आत, त्यांनी वर्षाला 3 लाख आणायचे कुठून?

आता त्या 'गॅरंटी'चं बघू. बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचा एक तक्ता पॉलिसीबरोबर असतो, कोणत्या वर्षी किती भरायचे आणि किती मिळणार ते त्यात असतं. विकणारा काय बोलला ते विसरा, हा तक्ता वाचा. यात 30 लाख भरून 15 वर्षांअखेर 45 लाख होते. ऐकणाऱ्याला वाटतं, दीडपट झाले! पण पहिले 3 लाख 15 वर्षं अडकतात, दहावे 6 वर्षं. प्रत्येक हप्ता किती काळ अडकला ते धरून वर्षाचा चक्रवाढ दर काढला तर तो 4 टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. एक्सेलमध्ये आयआरआर नावाचं सूत्र हे क्षणात काढून देतं. 'एकूण किती पट' असं कुणी सांगू लागलं की त्याला वर्षाचा दर विचारा. त्याच काळात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सरकार 8.2 टक्के देत होतं, तीच योजना त्या शाखेतही मिळत होती. तिचं नाव साहेबांनी काढलं नाही, कारण विम्याच्या पहिल्या हप्त्यावरचं कमिशन आणि महिन्याचं टार्गेट.

शाखेत जाब विचारला तर सल्ला मिळाला, "आणखी एक हप्ता भरा, मग सरेंडर करता येईल." सरेंडर व्हॅल्यू म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर हातात पडणारी रक्कम. तेव्हाच्या नियमाने दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय ती मिळतच नसे, आणि दुसऱ्या वर्षी हमी होती भरलेल्या रकमेच्या 30 टक्क्यांची. म्हणजे 6 लाख भरायचे आणि हमी 1 लाख 80 हजारांची. ऑक्टोबर 2024 पासूनच्या पॉलिसींना पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावरही काही रक्कम मिळते, पण मामांची त्याआधीची.

पहिल्याच दिवशी पाकीट उघडलं असतं तर प्रश्नच नव्हता. पॉलिसी हातात आल्यापासून ठरावीक दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री-लुक म्हणतात. तेव्हा 15 दिवस होते, 2024 पासून 30 आहेत. किरकोळ खर्च वजा करून पैसे परत मिळतात. कारणासाठी हुज्जत घालत बसावं लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावाने जाडजूड पाकीट आलं तर त्याच दिवशी फोडा.

आम्ही आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. उत्तर ठरलेलं: सही आहे, कॉल आहे, फ्री-लुक संपला. मग पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. सुनावणीत दोन गोष्टी कामाला आल्या. एक ती हाताने लिहिलेली चिठ्ठी. दुसरी फॉर्ममधली भर: मामांचं उत्पन्न 'शेती व व्यवसाय, वार्षिक 9 लाख' असं ठोकून दिलं होतं. मामांच्या नावावर शेती नाही, व्यवसाय तर नाहीच. पेन्शनचं पासबुक समोर ठेवल्यावर कंपनी तडजोडीला आली.

तक्रार चालू असताना "आयआरडीएतून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय, आधी एवढे भरा" असे दिल्लीकडचे फोनही सुरू झाले. आयआरडीएआय (लोकांच्या तोंडी आयआरडीए) ही विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी नियामक संस्था आहे. ती ना पॉलिसी विकते, ना बोनस वाटते. आमचा नंबर त्यांना कुणी दिला, याचा अंदाज तुम्हीच करा.

2025 च्या सुरुवातीला 3 लाख परत आले, बिनव्याजी. तेवढ्या काळाचं एफडीचं व्याज गेलं ते गेलंच. मामांनी ते पैसे पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले, दर तिमाहीला 6,150 रुपये खात्यात पडतात. चिठ्ठीची झेरॉक्स आम्ही जपून ठेवलीय, कारण त्याच शाखेत गेलेल्या आणखी दोन शेजाऱ्यांच्या घरी तसंच पाकीट निघालं आणि त्यांचे अर्ज आता मी लिहितेय.