पर्सनल व्हॅल्यूज कार्ड सॉर्ट : फुकट आहे, पण काम चोख

'स्वतःला ओळखा' टाइपच्या वर्कशॉपला लोक हजारो रुपये भरतात ना, म्हणून मुद्दाम लिहितेय. पर्सनल व्हॅल्यूज कार्ड सॉर्ट नावाची एक पीडीएफ आहे, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको युनिव्हर्सिटीत विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मधे केलेली, आणि पब्लिक डोमेनमधे आहे म्हणजे प्रिंट काढा, कापा, हवी तशी बदला, कुणाला विचारायला नको. ८३ कार्डं, प्रत्येकावर एक मूल्य आणि खाली एका ओळीत अर्थ. प्रामाणिकपणा, पैसा, एकांत, प्रसिद्धी, जोखीम, विनोद, सगळं आहे त्यात. तीन गठ्ठे करायचे : महत्त्वाचं नाही, महत्त्वाचं, खूप महत्त्वाचं.

मिलर म्हणजे व्यसनाच्या समुपदेशनात मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (उपदेश न करता बदलायची कारणं माणसाच्याच तोंडून काढायची पद्धत) आणणारे, त्यामुळे कार्डांचा रोख कळतो. पिणाऱ्याला लेक्चर देऊन शष्प फरक पडत नाही, पण त्यानेच 'कुटुंब' सगळ्यात वर ठेवलं आणि पगार कुठे जातो तेही त्याच्याच तोंडून आलं की मधली दरी त्याची त्यालाच दिसते.

आता आमच्या घरचं. कार्डं इंग्रजीत आहेत त्यामुळे सासूबाईंना मी एकेक वाचून मराठीत सांगत होते, नवरा शेजारी बसून फुकटच्या कॉमेंट्री करत. 'परंपरा' आलं, मी न विचारताच 'खूप महत्त्वाचं'कडे सरकवायला लागले कारण चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, आमच्याकडे काही म्हणता काही चुकत नाही, तर आईंनी ते उचलून सरळ 'नाही'त टाकलं. नवरा उडालाच. "अगं आई, एवढे उपास करतेस की!" तर म्हणाल्या, "घरात कुणीतरी करायला पाहिजे म्हणून करते रे, मला कुठली हौस." आणि 'कर्तव्य' मात्र वर. म्हणजे इतकी वर्षं आम्ही जिला हौस समजत होतो ती ड्युटी होती! वागणं तेच, कारण भलतंच, आणि बाहेरून बघून ते ओळखायची काही सोय नाही. त्यांच्या पहिल्या दहात 'मजा' होतं हे तर जाऊच दे. सध्या संकष्टीला साबुदाण्याची खिचडी होते, पोटभर होते, उपास कुणाचाच नसतो.

आता तक्रारी. नुसते तीन गठ्ठे करून थांबलात तर वेळ वाया, कारण ऐंशीतली साठ तरी कार्डं 'खूप महत्त्वाचं'मधे जातात, प्रामाणिकपणा महत्त्वाचा नाही असं कोण म्हणणार आहे? खरी मजा दहावर आणायचं ठरवलं की सुरू होते, मग पाचवर. तिथे माणूस चिडतो, कार्ड हातात धरून बसतो, "दोन्ही ठेवले तर नाही का चालणार" म्हणतो. नाही चालणार. आणि मग त्या पाच कार्डांशेजारी महिन्याचं यूपीआय स्टेटमेंट ठेवा. माझं 'आरोग्य' पहिल्या पाचात आहे, स्टेटमेंटमधे वडापाव आणि रिक्षा, ती पण चालत दहा मिनिटांवर जायला.

दुसरं म्हणजे 'कुटुंब' कार्डाचा अर्थ दिलाय सुखी, प्रेमळ कुटुंब असावं एवढाच. आईवडिलांचं म्हातारपण, भावाच्या कर्जाला जामीन राहणं, हे सगळं कुठे घालायचं? 'कर्तव्य'मधे कोंबावं लागतं. पण कोरी कार्डं करून घेता येतात, आम्ही 'चारचौघांत मान' असं एक केलं आणि त्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं.

तिसरी गोष्ट, कुठली मूल्यं एकमेकांच्या आड येतात ते ही कार्डं सांगत नाहीत, ती आपली एबीसीडीप्रमाणे येतात. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ शालोम श्वार्ट्झ यांचं वर्तुळ बघा, त्यांनी १९९२ मधे बऱ्याच देशांतल्या अभ्यासावरून दहा मूल्यं गोलात मांडली, शेजारची एकमेकांना पूरक, समोरासमोरची विरुद्ध दिशांना खेचणारी. सुरक्षितता आणि परंपरा एका बाजूला, स्वतःच्या मनाने जगणं आणि थरार त्यांच्या समोर. सरकारी नोकरी पण पाहिजे आणि 'रोज तेच तेच' म्हणून कुरकूर पण करायची, अशा माणसाने (आमच्याकडे एक आहे, वर कॉमेंट्री करत होता तोच) ते जरूर बघावं.

ऑफिसमधे एचआरने टीम बिल्डिंगसाठी काढली तर मात्र खरंखुरं मनातलं उत्तर कुणी देणार नाही, बॉससमोर 'निवांतपणा' कोण निवडणार? घरी करा, जाड कागदावर प्रिंट काढा, पातळ कागद पंख्याने उडतात. साडेचार स्टार, अर्धा कापला तो मराठीत नाही म्हणून.