सिम्युलिंकसाठी कंपायलर: मिनजीडब्ल्यू की व्हिज्युअल स्टुडिओ?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यासाठी हायड्रॉलिक सिलिंडरचं मॉडेल करणारे असोत, नाहीतर मच्छेला व्हीटीयू या तंत्रज्ञान विद्यापीठात एम.टेक. करणारी मुलं, विंडोजवर मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर (सिम्युलिंक हा त्यातलाच ब्लॉक जोडून मॉडेल करायचा भाग) एका जागी हमखास अडतं. पडद्यावर येतं, ‘सपोर्टेड कंपायलर सापडला नाही’. कंपायलर म्हणजे लिहिलेला कोड संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम. नुसत्या तयार ब्लॉकचं मॉडेल सिम्युलिंकच्या नेहमीच्या नॉर्मल मोडमध्ये असं अडत नाही. सी भाषेतलं एस-फंक्शन, म्हणजे स्वतः कोड लिहून केलेला ब्लॉक, आलं, की त्याची आधी मेक्स फाइल (मॅटलॅबला थेट चालवता येणारी फाइल) करावी लागते आणि ती कंपायलरशिवाय होत नाही.

सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी मी डोळे झाकून मिनजीडब्ल्यू हा कंपायलर सुचवेन. तो फुकट आहे, मॅटलॅबच्या अ‍ॅड-ऑन एक्सप्लोररमधूनच बसतो आणि तुमच्या आवृत्तीला चालणाराच उतरतो. दुसरा पर्याय मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ. त्यात कंपायलर असलेला सी++ भाग कित्येक जीबींचा. खानापूरकडच्या गावात मोबाइलच्या डेटावर तो उतरवायचा म्हणजे परीक्षाच. त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्डही लागतो, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तो आपल्याकडे नसतो.

मिनजीडब्ल्यूची खोड पाथमध्ये, म्हणजे फाइल-फोल्डरच्या पत्त्यात, आहे. वेगळा उतरवून स्वतः बसवत असाल, तर फोल्डरच्या नावात मोकळी जागा नको. विंडोजच्या खात्याला मराठीत किंवा कन्नडमध्ये नाव दिलं असेल, तर आधी तिथेच संशय घ्या. आपल्या भागात अशी खाती बरीच दिसतात. मॉडेलचं फोल्डर थेट सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावानं ठेवून पाहा.

व्हिज्युअल स्टुडिओची गोष्ट वेगळी. तो बसलेला असूनही मॅटलॅबला दिसत नाही, याची दोन नेहमीची कारणं. एक, बसवताना ‘डेस्कटॉप डेव्हलपमेंट विथ सी++’वर खूण केलेली नसते. दुसरं, आवृत्त्या जुळत नाहीत: 2019बी मॅटलॅबला 2019चा व्हिज्युअल स्टुडिओ ओळखता येतो, 2022चा नाही. लॅबमध्ये जुनं मॅटलॅब आणि घरी नवा स्टुडिओ असेल, तर हे होणारच. तरीही दोन कामांना तोच हवा. ग्राफिक्स कार्डवर चालणारा कुडा कोड विंडोजवर मिनजीडब्ल्यूनं होत नाही. आणि कंपनीनं दिलेली सी++ लायब्ररी मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरनं बांधलेली असेल, तर ती मिनजीडब्ल्यूशी जोडली जात नाही. कारखान्याचं काम घेताना हे आधी विचारून घ्या. परवान्याचंही पाहा: कम्युनिटी आवृत्ती विद्यार्थ्यांना फुकट आहे, मोठ्या कंपनीला नाही.

दोन्ही बसवले तरी चालतात. मॅटलॅबमध्ये ‘मेक्स सेटअप’ (mex -setup) ही आज्ञा चालवून हवा तो निवडायचा. सी आणि सी++ची निवड मात्र वेगवेगळी करावी लागते.

नंतर लगेच मॉडेलला हात लावू नका. मॅटलॅबच्या एक्स्टर्न फोल्डरमधल्या उदाहरणांत ‘वायप्राइम’ नावाची सी फाइल असते. ती आपल्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि मेक्सनं बांधा. झाली, तर कंपायलर ठीक आहे आणि चूक एस-फंक्शनमध्ये शोधायची. नाही झाली, तर मेक्सला व्ही (-v) पर्याय लावून पुन्हा चालवा. कोणता कंपायलर कुठल्या पाथवरून घेतला, ते ओळीओळीनं दिसेल.